नेम-पत्रकाच्या नोंदी: महाकाय रोबोला मारायचं कुठे?

८ जून २०२४, शनिवार

आज खेळ संपल्यावर भाचीने विचारलेल्या प्रश्नामुळे ही वही काढली. चार आठवडे ती आमच्या शनिवारच्या बॅटलटेकला येते आहे, म्हणजे महाकाय रोबोंच्या लढाईच्या, टेबलावर फाशांनी खेळायच्या खेळाला. आज तिचा जेनर नावाचा रोबो माझ्या हंचबॅक या रोबोसमोर उभा होता. हातात फासे घेऊन तिने विचारलं, "मामा, मी नेम कुठे धरू?" मी सांगितलं की नेम धरता येत नाही, फासे सांगतील तिथे लागतं. तिला ते पटलं नाही. घरी लॅपटॉपवर ती हाच खेळ खेळते आणि तिथे हात, पाय, डोकं यांवर क्लिक करून मारता येतं.

रात्री जेवताना लक्षात आलं की मी अर्धवट सांगितलं. टेबलावरच्या खेळातही निवड असते, फक्त ती बोटाने दाखवून करायची नसते. कुठे उभं राहायचं, कुठलं शस्त्र वापरायचं, लाथ घालायची की ठोसा मारायचा, यातून ती होते. मी इतकी वर्षं हे अंदाजाने करतोय, मोजून कधी पाहिलेलं नाही.

म्हणून काम ठरवलं. ए-फाइव्ह आकाराचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं मराठी नेम-पत्रक बनवायचं, चौघांसाठी चार प्रती. नियमपुस्तक इंग्रजीत आहे आणि भर खेळात पानं उलटण्यात वेळ जातो, ही जुनी तक्रारही त्यात मिटेल.

९ जून, रविवार

आलेख-वहीच्या पानावर सहा गुणिले सहा चौकोन आखले. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता. जी बेरीज ज्या भागाला जाते त्या रंगाने चौकोन भरायचा. भाची रंगवत होती, मी पुस्तकातून वाचून सांगत होतो.

समोरून गोळी लागली तर तक्ता असा आहे: ७ पडले तर मधलं धड. ६ उजवं धड, ८ डावं धड. ५ उजवा पाय, ९ डावा पाय. ३ आणि ४ उजवा हात, १० आणि ११ डावा हात. १२ डोकं. २ पडले तर पुन्हा मधलंच धड, पण या वेळी चिलखत शाबूत असलं तरी आतला भाग निकामी होण्याची संधी मिळते.

पान रंगून झालं तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. मधल्या धडाला ७ चौकोन, दोन्ही बाजूंच्या धडांना ५-५, दोन्ही हातांना ५-५, पायांना ४-४, डोक्याला एक. म्हणजे मधलं धड १९.४ टक्के, पाय प्रत्येकी ११.१ टक्के, डोकं २.८ टक्के. पायापेक्षा हाताला जास्त चौकोन आहेत हे मला आजवर ठाऊक नव्हतं. हातापेक्षा पाय मोठा दिसतो, म्हणून तोच जास्त लागत असेल असं मी धरून चाललो होतो.

हा खेळ १९८४ साली शिकागोच्या फासा कंपनीने 'बॅटलड्रॉइड्स' नावाने काढला. 'ड्रॉइड' या शब्दावर लुकासफिल्मचा हक्क असल्याने पुढच्या आवृत्तीत नाव बदलून 'बॅटलटेक' झालं. २००१ मध्ये फासाने काम थांबवलं, २००७ पासून कॅटलिस्ट गेम लॅब्ज हा खेळ छापते. इतक्या हातांतून गेलेल्या खेळाचा कणा म्हणजे हे दोन फासे. एकच फासा किंवा वीस बाजूंचा फासा असता तर प्रत्येक आकडा सारख्याच प्रमाणात पडला असता. दोन फाशांच्या बेरजेमुळे मधला भाग जाड होतो आणि टोकं निमुळती होतात, माणसाच्या आकृतीसारखीच. ज्याने हा तक्ता मांडला त्याने ७ वर धड आणि १२ वर डोकं बसवलं, यातली अक्कल मला आज रंगाचा खडू हातात असताना कळली.

१५ जून, शनिवार

आजचा विषय डोकं. सगळ्यांना तेच हवं असतं.

कुठल्याही यंत्रात, म्हणजे रोबोत, मग ते वीस टनांचं असो की शंभर, डोक्यावर जास्तीत जास्त ९ गुणांचं चिलखत बसतं आणि आतला सांगाडा ३ गुणांचा असतो. एकूण १२. त्यामुळे एका फटक्यात डोकं उडवायला १२ किंवा जास्त मारा लागतो. एसी/२० तोफेचा गोळा २० चा, गॉस रायफल १५ ची, दोन्ही चालतात. पीपीसी हे ऊर्जाशस्त्र १० चं आहे, म्हणजे सांगाड्याचे २ गुण उरतात. डोक्याला काहीही लागलं की आत बसलेल्या चालकाला एक इजा होते, सहा इजांनंतर तो मरतो, आणि प्रत्येक इजेनंतर शुद्ध हरपायची भीती असतेच.

छत्तीसात एक म्हणजे दुर्मीळ वाटतं. पण एका यंत्राला खेळभरात वीस फटके समोरून बसले, तर त्यातला निदान एक डोक्यात लागण्याची शक्यता ४३ टक्के येते. दहा फटक्यांना २५ टक्के. म्हणून 'डोकं लागणं हा नशिबाचा खेळ' असं म्हणून सोडून देणं बरोबर नाही. बारीक बारीक शस्त्रं पुष्कळ असतील तर डोक्याला खरचटणार हे धरूनच चालावं.

आणि मग ठोसा. ठोशासाठी वेगळा, एकाच फाशाचा तक्ता आहे: समोरून १ डावा हात, २ डावं धड, ३ मधलं धड, ४ उजवं धड, ५ उजवा हात, ६ डोकं. गोळीला छत्तीसात एक, ठोशाला सहात एक! ठोशाचा मारा यंत्राच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे माझ्या पन्नास टनी हंचबॅकचा ५, शंभर टनी यंत्राचा १०. डोक्यावर खरोखर डोळा असेल तर तोफेपेक्षा मुठीचा विचार आधी करावा. पत्रकावर हे ठळक टाकायचं.

२२ जून, शनिवार

आज फक्त हंचबॅकवर बसलो, कारण तो माझा आहे आणि त्याच्यावर मार खाऊन मी शिकलोय. लहान ब्रशने त्याचा पिवळा रंग पुन्हा दिला. उजव्या खांद्यावरचं ते मोठं कुबड म्हणजे एसी/२० तोफ. यंत्राला नावच त्यावरून पडलंय.

समोरचं चिलखत असं: डोकं ९, मधलं धड २६, बाजूची धडं २०-२०, हात १६-१६, पाय २०-२०. पाठीला मधे ५, बाजूंना ४-४. आतला सांगाडा मधे १६, बाजूंना १२, हातांना ८, पायांना १२.

आजवर मी आणि माझ्यासमोर बसणारे सगळेच त्याच्या उजव्या धडाकडे बघत आलो. तोफ तिथे आहे, ती गेली की हंचबॅककडे दोन मीडियम आणि एक स्मॉल लेझर तेवढे उरतात. हे खरंच आहे. पण आज खेळाच्या पत्रकातले (कुठल्या भागात काय बसवलंय ते दाखवणारे) खाने एकेक वाचताना डाव्या धडावर बोट थांबलं. तोफेचा दारूगोळा तिथे आहे: दोन टन, प्रत्येक टनात पाच गोळे.

चिलखत फुटून मारा सांगाड्यापर्यंत गेला की दोन फासे टाकायचे. ८ किंवा जास्त पडले तर आतलं काहीतरी निकामी होतं, म्हणजे छत्तीसात पंधरा, ४१.७ टक्के. ते 'काहीतरी' दारूगोळ्याचा खाना निघाला, तर त्या खान्यात उरलेला प्रत्येक गोळा जागच्या जागी फुटतो. पाच गोळे गुणिले वीस, शंभर गुण. डाव्या धडाचा सांगाडा १२, तो संपला की उरलेला मारा मधल्या धडात शिरतो, तिथे १६. दोन्ही मिळून २८. म्हणजे त्या खान्यात नुसते दोन गोळे शिल्लक असले तरी ४० गुणांनी यंत्र संपतं. एकच उरला असेल तर डावं धड नक्की जातं, पण ८ गुण मधे शिरून यंत्र कदाचित उभं राहतं.

भाचीला दाखवलं. तिने चित्रावर उजवीकडे 'हात बांधायचे' आणि डावीकडे 'जीव घ्यायचा' असं पेन्सिलने लिहिलं. तेच शब्द पत्रकावर ठेवतो.

२३ जून, रविवार

उडालेल्या भागात पुन्हा फटका बसला तर तो आतल्या बाजूला सरकतो: हातातून आणि पायातून त्या बाजूच्या धडात, तिथून मधल्या धडात. बाजूचं धड गेलं की त्याच्यासोबत तो हातही जातो. ही साखळी पत्रकावर बाणांनी दाखवली. बाकी काही केलं नाही, दिवसभर पाऊस आणि वीज गेलेली.

३० जून, रविवार

या कामातला सगळ्यात मोलाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

बाजूने मारलं की तक्ता बदलतो. उजव्या बाजूने मारल्यास उजवा हात, उजवं धड, उजवा पाय यांना ७-७ चौकोन मिळतात, छत्तीसातले एकवीस. समोरून त्याच अर्ध्या अंगाला चौदा मिळत होते. म्हणजे ३९ टक्क्यांवरून ५८ टक्के. डोकं मात्र कुठूनही एकच.

मैदान षटकोनांचं असतं आणि यंत्राच्या सहा बाजूंपैकी पुढच्या तीनही 'समोर' धरल्या जातात. बाजूचा तक्ता हवा तर त्याच्या खांद्याच्या थोडं मागे जावं लागतं. आणि एक गोष्ट मी चुकीची खेळत होतो: समोरच्याने कंबरेतून धड वळवलं तरी तक्ता बदलत नाही. पाय कुठे तोंड करून आहेत तेवढंच बघायचं. माझ्याकडून हा नियम दोघातिघांना चुकीचा शिकवला गेलाय, पुढच्या शनिवारी सगळ्यांना सांगायचं.

आता खरा हिशेब. हंचबॅकच्या डाव्या धडातला दारूगोळा गाठायचा आहे आणि हातात ५ गुणांचे मीडियम लेझर आहेत. डाव्या बाजूने गेलो तर दर फटक्याला छत्तीसात सात, पण चिलखत समोरचंच, २० चं. चार लेझर चिलखत खातात, पाचवा आत जातो. त्याच जागी पाच फटके बसायला सरासरी सव्वीस फटके हवेत. पाठीमागून गेलो तर छत्तीसात पाचच, पण चिलखत ४ चं. पहिलाच लेझर एक गुणाने आत जातो. सरासरी सात फटके.

सव्वीस आणि सात. (हातापायातून सरकून येणारा मारा यात धरलेला नाही, तो धरला तर सव्वीसाचे थोडे कमी होतील, चित्र तेच राहील.) मी पहिल्या दिवसापासून शक्यता मोजत बसलो होतो आणि जाडी विसरलो होतो. कुठला भाग किती वेळा लागेल हा अर्धाच प्रश्न. तिथे किती मारलं की काही घडेल, हा दुसरा अर्धा. पत्रकावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी नसतील तर ते दिशाभूल करेल. सगळी मांडणी नव्याने करावी लागणार, आणि ती करायला मला आनंदच आहे.

६ जुलै, शनिवार

भाचीने जेनरचा हिशेब स्वतः केला. मी फक्त तपासला.

जेनर पस्तीस टनी, हातांत चार मीडियम लेझर, धावायला अकरा षटकोन, उडी पाच षटकोनांची. हंचबॅकच्या पाठीशी जायचं तर उडी मारून की धावत? ती नेहमी उडी मारते, कारण उडीत वळणं मोजावी लागत नाहीत. नेमबाजी ४ (फटका लागायला दोन फाशांवर निदान एवढे पडायला हवेत, वाढी त्यात मिळवायच्या), अंतर जवळचं, हंचबॅक तीन-चार षटकोन चाललेला म्हणून १ वाढ. उडीची ३ वाढ धरून लक्ष्य ८ येतं, धावण्याची २ धरून ७. चार लेझरपैकी निदान एक तरी बाजूच्या दोनपैकी एका धडाच्या पाठीत शिरण्याची शक्यता उडीने ३९ टक्के, धावून ५१ टक्के.

एका गुणाचा फरक बारा टक्के खातो. "म्हणजे पाठ दिसत असेल तर पळायचं, आणि पळून पोचता येत नसेल तरच उडायचं," असं तिने स्वतःच्या वहीत लिहिलं. आज तिने तसं करून बघितलं, तीन लेझर हुकले, एक हंचबॅकच्या पाठीत मधे लागला, ५ चं चिलखत बरोबर शून्यावर आलं. पुढच्या वळणावर, म्हणजे खेळाच्या पुढच्या पाळीत, मी पाठ भिंतीला लावून उभा राहिलो आणि तिथून हललोच नाही. तिचा नेम फार काही न फोडताही माझं अर्धं यंत्र निकामी करून गेला.

१३ जुलै, शनिवार

आज खेळ रद्द, दोघं गावी. म्हणून दुसऱ्या खेळांत हाच प्रश्न कसा सोडवलाय ते लिहून काढलं.

संगणकावरच्या मेकवॉरिअर ऑनलाइनमध्ये फासे नाहीत. जिथे खूण धरली तिथेच गोळी जाते. त्यामुळे नेम अचूक असलेला माणूस एकच भाग कोरत राहतो आणि मार खाणारा कंबर सतत वळवून तो मारा हातांवर, खांद्यांवर वाटून घेतो. टेबलावर जे वळणं निरुपयोगी आहे तेच तिथे जगण्याची पहिली सवय आहे. एकाच कथेतले दोन खेळ, आणि शरीराचा अर्थ इतका वेगळा.

जपानी फ्रंट मिशन, १९९५ चा, त्याहून सोपा: धड, दोन हात, पाय, प्रत्येकाचे वेगळे गुण. धड गेलं की यंत्र संपलं, हात गेला की त्यातलं शस्त्र गेलं, पाय गेले की चाल खुंटली. तिथे निवड शस्त्रातून होते. रायफलची गोळी एकाच भागात जाते, मशीनगनच्या गोळ्या अंगभर विखुरतात.

भाची लॅपटॉपवर खेळते तो २०१८ चा बॅटलटेक. त्यात एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे. पाडलेल्या यंत्राचे सुटे भाग तुम्हाला मिळतात आणि ते कसं पाडलं यावर त्यांची संख्या ठरते. मधलं धड फोडलं तर एक भाग, दोन्ही पाय तोडले तर दोन, चालकच गेला आणि यंत्र उभं राहिलं तर तीन. त्यामुळे तिथला खेळाडू नेम धरण्याआधी स्वतःला विचारतो की मला नंतर काय हवंय.

हे वाचून मी पत्रकाच्या डोक्यावरचा मथळा खोडला. आधी 'कुठे मारायचं' लिहिलं होतं. त्याच्या वर आता एक ओळ आली: 'आज काय साधायचं आहे?' आणि खाली चार रकाने: हात बांधायचे, थांबवायचं, जीव घ्यायचा, यंत्र जिंकून न्यायचं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशीची सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन दुपारभर शब्द ठरवले. 'चिलखत' आणि 'सांगाडा' लगेच जमले. 'क्रिटिकल' (आतला भाग निकामी होणं) तसंच ठेवलं, टेबलाभोवती सगळे तेच म्हणतात. 'हिट लोकेशन'ला मी आधी 'आघातस्थान' लिहिलं होतं. ते मोठ्याने वाचलं आणि काढून टाकलं. 'लागलं कुठे' हे दोन शब्द पुरतात.

२० जुलै, शनिवार

चार प्रती छापून लॅमिनेट करून आणल्या आणि पहिल्याच वळणावर चूक सापडली. चूक माझीच.

खेळाच्या पत्रकावर डावा हात कागदाच्या डावीकडे छापलेला असतो. आपण यंत्राच्या आत बसलोय असं समजून वाचायचं. पण टेबलापलीकडे माझ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मूर्तीचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो. मी नेम-पत्रकावर समोरून दिसणारं हंचबॅकचं चित्र काढलं, त्याची तोफ कागदाच्या डावीकडे आली, आणि नावं मात्र खेळाच्या पत्रकाप्रमाणे घातली. तोफेखाली 'डावं धड' छापलं गेलं. चारही प्रती बाद.

आमच्यासोबत खेळणाऱ्या सहकाऱ्याने त्या पत्रकावर विसंबून माझ्या हंचबॅकच्या चुकीच्या बाजूला जायला दोन वळणं खर्च केली. त्याची माफी मागितली आणि डाव पुन्हा मांडला. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग वाचताना कुठून बघितलंय ते आधी तपासायचं, हे मी नव्या मुलांना रोज सांगतो. तीच खूण इथे घालायची राहिली.

२१ जुलै, रविवार

चित्र पाठमोरं काढलं. आता डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. शिवाय पाठ समोर आल्याने तिथलं पातळ चिलखत पहिल्या नजरेत दिसतं, हा फायदा अनपेक्षित मिळाला. चारही कोपऱ्यांत 'यंत्राचा उजवा', 'यंत्राचा डावा' लिहिलं.

२७ जुलै, शनिवार

दोन लहान गोष्टी घातल्या. यंत्र अर्धं आडोशाला असेल तर पायांवर पडणारा फटका आडोसाच खातो. समोरून छत्तीसात आठ चौकोन असे फुकट जातात, शिवाय नेम एकाने अवघड होतो.

दुसरी, एक्सएल इंजिन. हलकं करण्यासाठी इंजिन बाजूच्या धडांत पसरलेलं असतं. इनर स्फिअर आणि क्लॅन हे खेळाच्या कथेतले दोन गट. इनर स्फिअरच्या बनावटीत प्रत्येक बाजूला इंजिनाचे तीन खाने असतात आणि तीन फटक्यांत इंजिन मरतं, म्हणून एक बाजूचं धड गेलं की यंत्र गेलं. क्लॅनच्या बनावटीत दोनच खाने, ते तरून जातं. अशा यंत्रापुढे 'जीव घ्यायचा' रकान्यात मधल्या धडाच्या आधी बाजूचं धड लिहावं लागतं.

३ ऑगस्ट, शनिवार

शेवटचा भाग: खरोखर नेम धरता येतो ती वेळ. समोरचं यंत्र हलूच शकत नसेल, बंद पडलं असेल किंवा चालक बेशुद्ध असेल, तर भाग निवडता येतो. नेमाला ४ ची सूट मिळते. डोकं निवडलं तर सूट नाही, उलट ३ ची वाढ. फटका लागला की दोन फासे टाकायचे, ६, ७ किंवा ८ आले तर निवडलेला भाग, नाहीतर नेहमीचा तक्ता.

६-७-८ म्हणजे छत्तीसात सोळा. त्यात नेहमीच्या तक्त्यातून योगायोगाने तोच भाग लागण्याची भर घातली तर समोरून पाय ५१ टक्के, बाजूचं धड किंवा हात ५२, मधलं धड ५५. जवळून, न हलता, नेमबाजी ४ असेल तर हे फटके चुकतच नाहीत. डोक्यासाठी मात्र ७ टाकावे लागतात, ते ५८ टक्के, आणि मग त्यातले ४६. हाती येतात २७. धावत येऊन मारलं तर डोकं १३ टक्क्यांवर घसरतं, बाकीचे भाग जिथल्या तिथे राहतात, कारण ४ ची सूट धावण्याची २ ची वाढ गिळून टाकते.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा तपासलं. यंत्र बंद पडलंय म्हणून आपणही उभं राहून सावकाश नेम धरावा असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तेव्हाच पळून हव्या त्या बाजूला जाता येतं, आणि त्याची किंमत शून्य.

१० ऑगस्ट, शनिवार

नव्या पत्रकासह पहिला पूर्ण डाव. भाची आणि मी एका बाजूला. सहकाऱ्याच्या वॉरहॅमरला पूल ओलांडू द्यायचा नाही, एवढंच काम.

वॉरहॅमर सत्तर टनी, दोन्ही हातांत पीपीसी. तिसऱ्या वळणावर त्याने धावत दोन्ही पीपीसी, दोन्ही मीडियम लेझर आणि क्षेपणास्त्रं एकदम सोडली. बत्तीस उष्णता, थंड करायची ताकद अठरा, चौदा उरली. चौदाला इंजिन बंद न पडण्यासाठी ४ किंवा जास्त टाकावे लागतात. त्याचे ३ पडले. बारा वेळांतून एकदा होणारी गोष्ट. तोल मात्र सांभाळला, यंत्र पुलाच्या तोंडाशी उभंच्या उभं गार.

एक वळण आमच्या हातात होतं. माझ्या हंचबॅकची एसी/२० भरलेली. मी न हलता डोक्यावर जाणार होतो, २७ टक्के, लागलं तर सगळं तिथेच संपतं. भाचीने पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं: आज काय साधायचं आहे. "मामा, थांबवायचंय ना? मग पाय बघ की."

पायाचं चिलखत १५, सांगाडा १५. एकूण ३०. तोफेचा गोळा २०. आम्ही दोघं एकदमच थांबलो, कारण लाथ पत्रकाच्या दुसऱ्या बाजूला होती. लाथेचा मारा वजनाचा पाचवा भाग, पन्नास टनांचा १०. आणि बाजूने घातलेली लाथ त्याच बाजूच्या पायाला लागते, फासा टाकायचा प्रश्नच नाही. वीस आणि दहा, तीस.

हंचबॅक धावत वॉरहॅमरच्या उजव्या खांद्यामागे, लगतच्या षटकोनात नेला. तोफ चुकण्याची शक्यता शून्य, लाथ चुकण्याचीही शून्य. उजव्या बाजूच्या तक्त्यात पायाला सात चौकोन, म्हणून निवडलेला पाय ५५ टक्के. भाचीने फासे माझ्या हातात न देता स्वतः टाकले. पाच आणि तीन. आठ.

सहकाऱ्याने उजव्या पायाचे पंधरा गोल खोडले, मग सांगाड्याचे पाच. लाथेचे दहा खोडले तेव्हा शेवटचा गोल संपला. वॉरहॅमर पुलाच्या अलीकडे आडवा झाला. त्याने मूर्ती स्वतःच्या हाताने कुशीवर ठेवली आणि पत्रक मागून घेऊन दोन्ही बाजू वाचल्या.

११ ऑगस्ट, रविवार

लाथेचा रकाना पहिल्या बाजूला, बंद पडलेल्या यंत्राच्या तक्त्याला लागून आणला. त्याखाली नेहमीच्या दहा यंत्रांच्या पायाचं चिलखत आणि सांगाडा यांची बेरीज घालतोय. लोकस्टची १२ आणि हंचबॅकची ३२ लिहून झाली. वॉरहॅमरची ३० भाचीने लिहिली. बाकी सात तिच्याकडे दिली आहेत.